भिंतीकडे तोंड केलेला डफ

१

डफ आपल्या खुंटीवरच होता, म्हणून आधी कुणाला काही कळलंच नाही.

परळच्या त्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची खोली होती. दाराला नुसती कडी. एका कोपऱ्यात मखराचे बांबू, दुसऱ्या कोपऱ्यात भोंगा कलापथकाचा सगळा संसार: एक ढोलकी, एक तुणतुणं, झांजांचा जोड आणि खुंटीवर डफ. सकाळी तालमीला आलेल्या गणपतने डफ उतरवला, आपल्याकडे वळवला आणि तो तसाच उभा राहिला. कातडं मधोमध फाटलं होतं. डफातून पलीकडची खिडकी दिसत होती.

एकोणीसशे साठचा एप्रिल सरत आला होता. चाळीच्या कठड्यांवर पताका चढल्या होत्या, पोरं उगाचच फटाके उडवत होती. दोन-चार दिवसांत महाराष्ट्र राज्य होणार होतं. त्याआधी, उद्या सकाळी, गिरगावातल्या स्टुडिओत भोंगा पथकाची पहिली ग्रामोफोनची प्लेट निघायची होती.

आणि डफ हा असा.

साधा डफ नव्हता तो. पाच वर्षं त्याने गिरणगावाची झोप मोडली होती. लालबागच्या नाक्यावर तो वाजला, करी रोडच्या चाळींच्या चौकात वाजला, वरळी कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मधोमध वाजला. संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या चालल्या तेव्हा तो बायकांच्या पदराखालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळाला. 'वाजला गं भोंगा' हे गाणं त्याच्या थापेवर सुरू झालं की जेवणारी माणसं हात न धुता खाली उतरत. पथकातली माणसं रस्त्यात दिसली की लोक मान वळवून बघत, जसं सिनेमावाल्यांना बघतात.

"बुधाजी!" गणपत ओरडला. "काय केलंस रे हे?"

तुणतुण्याची तार पिळत बसलेला बुधाजी उठला. "मी? काल सगळ्यांदेखत कोण म्हणालं, हा डफ फुटला तर मी पेढे वाटीन?"

"रागात म्हणालो!"

"मग रागातच फोडलास."

पुढचं बोलणं हातांनी झालं. पथकाचा शाहीर दौलत दारात येऊन पोचला तेव्हा गणपतच्या ओठातून रक्त येत होतं आणि बुधाजीच्या सदऱ्याचा खिसा गणपतच्या मुठीत होता. दौलतने दोघांकडे पाहिलं, मग डफाकडे. तो ओरडला नाही. खाली बसला आणि एवढंच म्हणाला, "कुणी केलं ते शोधू नका. कोळीवाड्यातून दुसरा डफ मागून आणू."

ओठाला टाके पडतात की काय म्हणून कुणीतरी पहिल्या मजल्यावरच्या कालिंदीला बोलावलं. ती हॉस्पिटलात नर्स. रातपाळी करून नुकतीच आली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. तिने ओठ पुसला, आयोडीन लावलं, गणपत बोंबलला.

"एवढ्याने काय रडता हो, ढोलकीवाले," ती म्हणाली. "ही जखम फाटलेली आहे, कापलेली नाही. आपोआप जुळेल."

मग तिची नजर डफावर गेली. तिने तो मांडीवर घेतला आणि फाटीच्या कडेवरून बोट फिरवलं, जसं ती रोग्याच्या अंगावरून फिरवते.

"आणि हीसुद्धा कापलेली नाही," ती हळूच म्हणाली.

२

"चाकू लागला असता तर कड सरळ आली असती," कालिंदी सांगू लागली. "ही बघा, पापडासारखी वळलीय. मध्ये तांबूस डाग आहे. हा डफ भाजलाय. भाजून तडकला."

"भाजून?" बुधाजीने खिशाकडे बघत विचारलं. "म्हणजे जाळायला घेतला?"

"जाळायचा असता तर कड पेटवली असती. लाकूड शाबूत आहे. कुणीतरी तो शेकत होतं. का शेकतात डफ?"

ह्यावर तिघेही एकदम बोलले. डफाचं कातडं हवेने ढिलं पडतं, मग तो बद्द वाजतो. वाजवण्याआधी त्याला ऊब द्यावी लागते. शाहीर जुन्या वर्तमानपत्राचा भडका करतो आणि त्यावरून डफ भरभर फिरवतो. एका जागी धरायचा नाही, निखाऱ्यावर तर नाहीच नाही.

"म्हणजे ज्याने शेकला त्याला तो वाजवायचा होता," कालिंदी म्हणाली. "फोडायचा नव्हता."

मोडणारा माणूस शोधणं सोपं होतं. वाजवणारा शोधायचा म्हणजे भलतंच.

तिने डफ नाकाशी नेला. धुराचा वास होता, कागदाचा नव्हे. धुरात काहीतरी गोडसर, तिखटसर मिसळलेलं. ओळखीचं होतं, पण रातपाळी झालेल्या डोक्याला नाव सापडेना.

"काल सकाळी मी हाताळला तेव्हा धड होता," गणपत म्हणाला. "दिवसभर मी गिरणीत, खात्यात. विचारा जॉबरला. आणि मी रागावलोय, खोटं कशाला बोलू? तो प्लेट काढणाऱ्या कंपनीचा साहेब म्हणतो, ढोलकीचा आवाज मोठा, तिला दाराबाहेर बसवा. दाराबाहेर! मी काय तिथे चपला सांभाळायला चाललोय?"

"माझंही ऐका," बुधाजी म्हणाला. "प्लेटेवर नाव काय छापणार? शाहीर दौलत आणि साथीदार. आईने माझं नाव बुधाजी ठेवलं, कंपनीने साथीदार ठेवलं. पण मीही खात्यातच होतो. आमची ही मात्र घरी होती. ती म्हणाली, दुपारी आवाज आला होता फाटकन. तिला वाटलं पोरांचा फटाका."

"दुपारी," कालिंदी पुटपुटली. "आणि शाहीर, तुम्ही?"

"मी गिरगावात. कंपनीच्या हापिसात," दौलत म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

कालिंदीने फाटका डफ गणपतच्या हातात दिला. "टांगा बरं तो जागेवर."

गणपतने टांगला. मग तिने तो काढून बुधाजीला दिला. त्याने टांगला. मग दौलतला. तिघांनी तीनदा टांगला आणि तीनदा कातडं खोलीकडे राहिलं.

"असंच का?"

"भिंतीची ओल लागते की," गणपत म्हणाला. "तान्ह्याला उताणं निजवतात तसा. कुणीही डफवाला असाच टांगणार."

"पण मघा तुम्ही तो काढून आपल्याकडे वळवलात, तेव्हा तुम्हाला फाट दिसली. खरं ना?"

गणपतचं तोंड उघडंच राहिलं. डफाचं तोंड भिंतीकडे होतं.

"फाट लपवायला असेल," बुधाजी म्हणाला.

"लपवायचीच असती तर डफच नाहीसा केला असता. नाही, हा सवयीचा हात आहे." कालिंदी उठली. "हा डफ वाजवणाऱ्या माणसाने टांगलेलाच नाही."

३

तिला झोपायला हवं होतं, पण झोप लागेना. घरात वडिलांनी दीक्षेच्या वर्षी नागपूरहून आणलेली बुद्धाची तसबीर होती. तिच्यासमोर बसून तिने चहाचं आधण ठेवलं. गाळणं घ्यायला हात वर केला आणि हात तिथेच थांबला.

खिळ्याला चाळण टांगलेली होती. तोंड भिंतीकडे.

का? धूळ बसू नये, झुरळ फिरू नये म्हणून. तिच्या आईने तशी टांगली, आईच्या आईने तशीच टांगली असणार. कालिंदी चहा तसाच टाकून गॅलरीत गेली आणि उघड्या दारांतून एकेका स्वयंपाकघरात डोकावत चालली. चाळणी, सुपं, परातीसुद्धा. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. जणू चाळीतल्या साऱ्या चाळणी रुसून बसल्या होत्या.

म्हणजे बाईमाणूस.

आणि मग गॅलरीच्या टोकाच्या खोलीतून तो वास आला. ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं. बाळाच्या धुरीचा वास. न्हाऊ घातल्यावर शेगडीतल्या निखाऱ्यांवर हे सगळं टाकतात आणि बाळाला त्या उबेवर धरतात. डफाला येत होता तोच वास. हॉस्पिटलात फिनेलशी संसार करणाऱ्या नाकाला तो लगेच आठवला नव्हता.

खोली शेवंतीची होती. शेवंती गिरणीत वाइंडिंग खात्यात, तुटलं सूत गाठायच्या कामाला. भोंगा पथकात झील धरायची, म्हणजे शाहिराने ओळ टाकली की मागे उभं राहून ती उचलायची. सध्या लेक बाळंतपणाला आली म्हणून ती रजेवर होती. लेक झोपली होती. शेवंती पाय पसरून नातवाला पायांवर झुलवत होती आणि गुणगुणत होती.

सूत तुटलं, गाठ मारिते,
बोटं माझी ही सवयीची...

चाल 'वाजला गं भोंगा'चीच. पण हे कडवं कालिंदीने कधी ऐकलं नव्हतं. गाण्यातली चार कडवी तर तिलाच काय, चाळीतल्या पोपटालाही पाठ होती.

"मावशी, हे कुठलं कडवं?"

शेवंतीचे पाय थांबले. "ये गो बाय. ह्यां काय नाय. उगाच आपलां बाळाक निजवायला."

"पुढे काय येतं?"

"पुढे काय येतला? झोप येतली."

कालिंदी हसली, पण तिने खोलीकडे नजर टाकली. कोपऱ्यात शेगडी, भिंतीवर चाळण, चाळणीचं तोंड भिंतीकडे. शेवंतीच्या उजव्या तळहातावर मात्र एक नवीन लालभडक फोड होती.

"हाताला मलम लावून देते," कालिंदी म्हणाली.

शेवंतीने हात पदराखाली घेतला. "भाकरी भाजताना लागलां."

कुणी केलं हे कालिंदीला कळलं होतं. पण त्याने उलट सगळं गोंधळात पडलं. उद्या प्लेट निघाली तर शेवंतीचाही आवाज त्यात राहणार होता. मग तिने डफाला हात का लावावा? आणि जे कडवं चार वर्षं कुणी ऐकलं नाही ते तिला पाठ कसं?

४

दौलत मैदानाकडच्या कट्ट्यावर एकटा बसला होता. कालिंदी शेजारी बसली.

"शाहीर, मी लहानपणापासून शाहिरी ऐकते. कवनाच्या शेवटी कवी आपलं नाव गुंफतो, ही रीत ना?"

"रीत आहे."

"मग 'वाजला गं भोंगा'त तुमचं नाव कुठे आहे?"

"शेवटल्या कडव्यात असतं. पण तिथवर कधी पोचलोच नाही. चौथं कडवं होईतो पोलीस यायचे. सगळ्या मुंबईला ठाऊक आहे."

ते खरंच होतं. अपुरं राहिलेलं गाणं म्हणूनच ते प्रसिद्ध झालं होतं. लोक म्हणत, ह्या गाण्याचं शेवटचं कडवं मुंबई मिळेल तेव्हाच ऐकायला मिळेल.

"गेल्या महिन्यात कोळीवाड्यात कार्यक्रम झाला," कालिंदी म्हणाली. "मी आले होते. एकही पोलीस नव्हता. लोक पुढचं म्हणा, पुढचं म्हणा ओरडत होते. तुम्ही चौथ्या कडव्यावर डफ खाली ठेवलात. घसा बसलाय म्हणालात, आणि लगेच दुसरं गाणं खणखणीत म्हटलंत."

दौलतने मैदानाकडे तोंड फिरवलं.

"अजून एक विचारते. गाण्यात भाऊ आहे. 'भाऊ गेला जी ज्या वाटेनं, ती वाट मी सोडणार नाही.' तुम्हाला भाऊ आहे?"

"पाच बहिणी," दौलत म्हणाला. "भाऊ नाही."

"शेवंतीमावशीला होता. धोंडू. छप्पनच्या जानेवारीत गोळीबारात गेला." कालिंदी उठून उभी राहिली. "शाहीर, तुम्ही शेवटचं कडवं म्हणत नाही, कारण त्यात तुमचं नाव नाही. चला खोलीवर. डफ कुणी फोडला ते सांगते, पण तुम्ही आधी बोलायचं."

५

मंडळाच्या खोलीत सगळे जमले. गणपतचा ओठ सुजला होता, बुधाजीचा खिसा बायकोने टाचून दिला होता. शेवंती दारातच उभी राहिली, बाळ खांद्यावर. फाटका डफ मधोमध ठेवलेला, जसं मयत ठेवतात.

"गाणं माझं नाही," दौलत म्हणाला.

गणपत हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला.

"धोंडू गेला त्या आठवड्यात हिने केलं. गिरणीतल्या सांच्यावर उभं राहून, बोटांनी सूत गाठता गाठता. मला म्हणून दाखवलं. मी म्हटलं, शेवंते, हे गाणं जो करील त्याला उचलतील. तुझी लेक लहान, घरात दुसरं कुणी नाही. नाव माझं सांगू. मला पकडलं, चार-पाच महिने आत ठेवलं. मी आतून कधी बोललो नाही."

"खरां आसा ता," शेवंती दारातून म्हणाली. "माझ्यासाठी तो आत बसलो."

"बाहेर आलो तर स्टेशनवर हार घेऊन माणसं. गाणं सगळ्यांच्या तोंडी झालेलं. पहिल्यांदा तुला पकडतील या भयाने गप्प राहिलो, शेवंते. मग भय संपलं. पण हार संपले नाहीत." त्याने डफावर हात ठेवला. "एक करता आलं नाही. शेवटच्या कडव्यात तुझं नाव काढून माझं घालता आलं नाही. खूपदा बसलो. जुळेचना. म्हणून ते कडवंच गिळलं."

"आणि उद्या?" बुधाजीने विचारलं. "प्लेटेवर?"

"चारच कडवी. कवी शाहीर दौलत. सही करून आलोय काल."

"त्याच दुपारी," कालिंदी म्हणाली, "मावशीने डफ उचलला."

शेवंतीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आता ती बोलली ती सगळ्यांकडे बघून. "चार वर्षां मी मागे उभी. माझ्याच ओळीक मीच 'जी जी' म्हणायचां. कधी वाईट नाय वाटलां, खोटां नाय सांगणार. पोरगी वाढत होती, गाणां वाढत होतां. पण प्लेट म्हणजे काय? आपण मेल्यावर पण वाजतली ती. ह्या बाळाक कोणतरी सांगतलो, ऐक, तुझी आजी मागे 'जी जी' करतासा. म्हटलां, प्लेट निघायच्या आधी एकदा, एकदाच, सगळां गाणां नावासकट म्हणान बघूया. डफावर."

"मग शेकायचा कागदावर ना!" गणपतला राहवलं नाही.

"मेल्या, तुम्ही कधी हात लावूक दिल्यात म्हणान म्हायत असणार? बाईने झांज धरायची, डफ नाय, हां तुमचांच ना? बद्द वाजला तो. शेगडीत बाळाची धुरी होती, त्याच्यावर धरलां. तितक्यात ह्यां रडलां. एका हाताने ह्याका थोपटलां, दुसऱ्या हातात डफ. आणि फाटकन..." तिने पोळलेला तळहात उघडून दाखवला. "हात पोळलो तो नाय लागलो. डफ लागलो."

"मग परत नेऊन टांगलात," कालिंदी म्हणाली, "चाळण टांगतात तसा."

शेवंतीने खुंटीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"म्हणून झालं होतं का गं मावशी, सगळं?" बुधाजीने हळू आवाजात विचारलं. "फुटायच्या आधी?"

"दुसऱ्या कडव्यापर्यंत पण नाय पोचले."

दौलत उठला, चप्पल घातली आणि बाहेर पडला.

"कुठे चाललात शाहीर?" गणपत ओरडला.

तोवर तो रस्त्याला लागला होता. रेकॉर्डिंग उद्या सकाळी. पथकाला ना डफ, ना शाहीर.

६

सकाळी गिरगावातल्या स्टुडिओच्या जिन्यात दौलत आधीच बसलेला होता. मांडीवर कोळीवाड्यातून मागून आणलेला डफ. त्याला सुक्या मासळीचा दणकून वास येत होता.

"एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं," कंपनीचा साहेब म्हणाला. "चार कडवी, बस. पाचवं असेल तर सोडा."

"पाचवं घ्यायचंय," दौलत म्हणाला. "पहिलं सोडू."

"अहो, पहिलंच तर प्रसिद्ध आहे! तुमच्या आवाजात!"

"म्हणूनच. ते लोकांना पाठ आहे. प्लेट कशाला पाहिजे?"

त्याने जिन्यात वर्तमानपत्राचा एक ताव पेटवला, डफ त्यावरून भरभर फिरवला आणि शेवंतीला म्हणाला, "बघ, असा. थांबायचं नाही." मग डफ तिच्या हातात दिला. तळहाताला कालिंदीने पट्टी बांधली होती. शेवंतीने एक थाप मारून पाहिली. तिला अंगठा कुठे ठेवायचा कळेना, तेव्हा दौलतने तो जागेवर बसवला.

"आणि तुम्ही?" साहेबाने विचारलं.

"मी मागे. झीलकरी कमी पडतायत."

"कवी म्हणून नाव काय छापायचं मग? काल तर तुम्ही सही..."

"शेवटचं कडवं ऐका," दौलत म्हणाला. "रीतीप्रमाणे त्यात आहे."

गणपत ढोलकी घेऊन दाराबाहेर बसला, चपलांच्या शेजारी, आणि एक शब्द बोलला नाही. बुधाजीने तार छेडली. काचेपलीकडे लाल दिवा लागला. शेवंतीचा आवाज पहिल्या ओळीला थरथरला, दुसऱ्या ओळीला ठरला. आणि सगळ्या गिरणगावाने ज्याची वाट पाहिली ते कडवं, पोलिसांच्या शिट्टीवाचून, लाठीवाचून, पूर्ण झालं:

सूत तुटलं, गाठ मारिते,
बोटं माझी ही सवयीची;
शेवंती म्हणे, भावासाठी
गाठ घातली मुंबईची.

मागून एका बसक्या पुरुषी आवाजाने झील धरली. जी जी रं जी.

राज्य झालं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पथक पांगलं, जशी गरज संपल्यावर पथकं पांगतात. प्लेट मात्र हॉटेलांतून, लग्नांतून वाजत राहिली. फाटक्या डफाला नवं कातडं चढलं आणि शेवंतीने तो पुन्हा मंडळाच्या खोलीत खुंटीवर टांगला, तोंड भिंतीकडे करून. आल्या-गेल्याला गणपत कुरकुर करून सांगायचा, ओलीने कातडं खराब होतंय, असा टांगतात का कुणी डफ.

पण वळवायला त्याचा हात कधी उठला नाही.